कच्च्या लिंबूलाही डाव : चार जणांनी ‘स्मॅश ब्रदर्स’ कसा लावायचा

लगोरी असो की पकडापकडी, घोळक्यातल्या सर्वांत धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायची आपल्याकडे जुनी सोय आहे. तो पळतो, ओरडतो, मजा करतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये ही सोय सहसा नसते. ज्याला बटणं पाठ आहेत तो बाकीच्यांना बडवतो आणि दहा मिनिटांत तीन कंट्रोलर सोफ्यावर पडलेले दिसतात.

जपानी गेम कंपनी निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये ही सोय करता येते. त्यात पडणाऱ्या वस्तू आणि हलणारी मैदानं यांच्यामुळे नवख्यालाही डाव मिळतो. मात्र ती आपण नीट लावून घ्यावी लागतात. पेटी उघडून नुसतं ‘सुरू’ दाबलं तर पडद्यावर असा गोंधळ होतो की आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

आधी थोडी ओळख. मासाहिरो साकुराई यांनी हा खेळ घडवला. पहिल्या नमुन्याचं प्रोग्रामिंग सातोरू इवाता यांनी केलं होतं, जे पुढे निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. पहिला भाग जानेवारी १९९९मध्ये जपानात निन्टेंडो ६४ या जुन्या गेम यंत्रावर आला आणि त्यात १२ लढवय्ये होते. ‘अल्टिमेट’ ७ डिसेंबर २०१८ला स्विच या निन्टेंडोच्या गेम यंत्रावर आला. ऑक्टोबर २०२१मध्ये सोरा हा शेवटचा गडी आला आणि आकडा ८९वर थांबला. मारिओ, पिकाचू, सॉनिक, पॅक-मॅन असे एरवी वेगवेगळ्या कंपन्यांच्या घरचे पाहुणे इथे एकाच पंगतीला बसतात.

सामान जमवा

स्विचसोबत येणारे दोन जॉय-कॉन, म्हणजे छोटे कंट्रोलर, आडवे धरले की दोन जण खेळू शकतात. म्हणजे चौघांसाठी आणखी एक जोडी पुरते. आडव्या जॉय-कॉनवर ढाल आणि पकड वरच्या कडेच्या दोन बारीक बटणांवर येतात. मोठ्या माणसांच्या बोटांची त्यावर पंचाईत होते, म्हणून जॉय-कॉन मुलांना द्या आणि पूर्ण आकाराचा कंट्रोलर काकांना. हाच खेळ स्विच २वरही चालतो. टीव्ही मात्र जमेल तेवढा मोठा घ्या, कारण चौघं चार दिशांना पांगले की कॅमेरा मागे जातो आणि लढवय्ये मुंगीएवढे होतात.

एकच गोष्ट समजावून सांगा : टक्के

इतर मारामारीच्या खेळांत रक्ताची पट्टी असते आणि ती संपली की माणूस आडवा. इथे पट्टी नाही, आकडा आहे. तो ० टक्क्यांपासून सुरू होतो आणि मार खाल्ला की वाढतो. आकडा जितका मोठा, तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. पडद्याच्या चारही बाजूंना अदृश्य सीमा आहेत, त्यापलीकडे गेलात की बाद. १५० टक्के झालेला माणूस मैदानावर उभा असेल तर तो जिवंतच आहे, आणि २० टक्केवाला कडेवरून घसरला तर मेला.

नवख्याला हे उलगडायला वेळ लागतो. त्याला सांगा, ‘समोरच्याला मारायचं नाही, बाहेर ढकलायचं.’ खो-खोपेक्षा सुमो कुस्ती डोळ्यांसमोर आणा.

बटणं : चार पुरेत

पूर्ण कंट्रोलरवर ‘ए’ म्हणजे साधा फटका, ‘बी’ म्हणजे त्या पात्राची खास करामत, ‘एक्स’ किंवा ‘वाय’ म्हणजे उडी आणि मागचं ‘झेडआर’ किंवा ‘झेडएल’ म्हणजे ढाल. पहिल्या अर्ध्या तासात यापलीकडे काही शिकवू नका. उजवी काठी, म्हणजे अंगठ्याने हलवायची दांडी, ढकलली की जोरदार ‘स्मॅश’ फटका बसतो, ते मुलं स्वतःच शोधून काढतात. पकड ‘एल’ किंवा ‘आर’वर आहे आणि ती ढाल घेऊन बसलेल्यालाही धरते. या तिघांचं नातं दगड-कागद-कात्रीचं आहे : फटक्याला ढाल अडवते, ढालीला पकड मोडते, आणि पकडायला आलेल्याला फटका बसतो. ढाल धरून ठेवली की ती आक्रसत जाते. पुरती फुटली तर माणूस चक्कर येऊन डुलत राहतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात.

एक खोड मात्र आधीच मोडा. डावी काठी वर ढकलली तरी उडी बसते. नवख्याचा अंगठा सारखा वर जातो आणि त्याचं पात्र बेडकासारखं उड्या मारत राहतं. कंट्रोल्सच्या पर्यायांत नावाने वेगळी रचना बनवून काठीची उडी बंद करता येते.

परत येणं शिकवा, बाकी सगळं नंतर

नवखे इथेच हरतात. मैदानाबाहेर उडाल्यावर घाबरून ते दुसरी उडी लगेच वापरतात, मग ‘वर अधिक बी’ (काठी वर ढकलून ‘बी’) दाबतात, आणि तरीही हात पोचत नाही. क्रम असा ठेवायला सांगा : आधी काठी मैदानाच्या दिशेने धरायची, थोडं खाली येऊ द्यायचं, मग हवेतली उडी, आणि अगदी शेवटी ‘वर अधिक बी’. या शेवटच्या करामतीनंतर बहुतेक पात्रं हतबल होऊन खाली पडतात, त्यामुळे ती हाताशी शेवटची म्हणूनच राखायची. कडेच्या जवळ पोचलं की पात्र आपोआप कड धरतं, त्यासाठी वेगळं बटण लागत नाही.

कच्च्या लिंबूला कर्बी द्या. तो हवेत फुगून पाच उड्या मारतो, त्यामुळे परत येण्याची चूक त्याला माफ होते. सुरुवातीला फक्त ८ लढवय्ये मोकळे असतात आणि त्यांत कर्बी आहेच. मारिओ आणि पिकाचूही चालतील. ज्याला सगळं येतं त्याला डाँकी काँग द्या. तो जाडजूड असतो आणि सगळ्यांना सापडतो.

नियमांची पाटी बनवा

‘अल्टिमेट’मध्ये आधी नियम, मग मैदान आणि शेवटी लढवय्या निवडतात. नियमांची एक पाटी बनवून तिला नाव देऊन ठेवली की दर वेळी तीच उचलता येते.

बरेच जण इथे ‘स्टॉक’ निवडतात, म्हणजे प्रत्येकाला तीन जीव. चार जणांत पहिल्या दिवशी ते करू नका. ज्याचे जीव आधी संपतात तो बसून राहतो, आणि तो कोण असणार हे आपल्याला माहीत असतं. ‘टाइम’ निवडा आणि ३ मिनिटं ठेवा. कुणाला बाद केलं तर एक गुण मिळतो, स्वतः पडलात तर एक गुण जातो, पण दर वेळी तुम्ही परत मैदानात येता. बरोबरी झाली तर ‘सडन डेथ’ : दोघंही ३०० टक्क्यांवर, एक फटका आणि खेळ खलास. त्या क्षणी घरात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

याच पाटीत ‘हँडिकॅप’ही आहे. सराईत खेळाडूवर सुरुवातीलाच काही टक्के लादता येतात. त्याला विचारून लादा, नाहीतर तो चिडीचा डाव म्हणेल.

वस्तू निवडून चालू करा

सगळ्या वस्तू एकदम चालू ठेवू नका. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र बटण आहे. पहिल्या तासासाठी माझी यादी अशी :

- हार्ट कंटेनर आणि मॅक्सिम टोमॅटो. पहिलं १०० टक्के उतरवतं, दुसरा ५०.
- पोकेबॉल आणि असिस्ट ट्रॉफी. या वापरायला कौशल्य लागत नाही. आतून कुणीतरी निघतं आणि आपल्यासाठी लढतं. कच्च्या लिंबूची खरी मदत हीच.
- बीम स्वोर्ड आणि होम-रन बॅट. बॅटने स्मॅश फटका मारायला वेळ लागतो, पण लागला तर समोरचा थेट सीमेपार. नुसती फेकून मारली तरी जोरात बसते.
- स्मॅश बॉल. तरंगत फिरणारा हा गोळा फोडेल त्याला ‘बी’ दाबून त्या पात्राची सर्वांत मोठी करामत करता येते. चौघंही त्याच्यामागे धावतात आणि मैदानाबाहेर पडतात, हे वेगळं. कधी नकली गोळाही येतो, ज्याच्यावरच्या रेघा उलट्या बाजूला असतात. तो फोडणाऱ्याच्या अंगावर फुटतो.

बॉब-ऑम्ब, विषारी मशरूम आणि मोशन-सेन्सर बॉम्ब तूर्त बंद ठेवा. बॉब-ऑम्ब उचलला नाही तर काही वेळाने स्वतःच चालू लागतो आणि ज्याला धडकेल त्याच्यावर फुटतो. ते गमतीचं आहे, पण खेळ नीट कळल्यावर. हातोडाही नको. एकदा हातात आला की तो टाकता येत नाही, आणि कधी कधी त्याचं डोकंच निखळून पडतं.

वस्तू ‘ए’ने उचलायची, ‘ए’नेच वापरायची आणि पकडीच्या बटणाने फेकायची. पोकेबॉल मात्र ‘ए’नेही फेकला जातो. वस्तूंचं प्रमाण ‘कमी’वर ठेवा, म्हणजे प्रत्येक वस्तू दिसल्यावर धावायला कारण राहतं.

मैदान हा पाचवा खेळाडू

इथे रमायला हरकत नाही. मूळ खेळातच शंभरहून अधिक मैदानं आहेत, पण चौघांच्या पहिल्या संध्याकाळी सहा-सात पुरतात. सुरुवात ‘बॅटलफील्ड’वर करा. एक सपाट जमीन, वर तीन फळ्या, दुसरा कुठलाही उपद्व्याप नाही. दोन डाव झाले की ‘ऑनेट’ला जा. हे गावातल्या रस्त्यावरचं मैदान आहे आणि मधूनच भरधाव गाड्या येतात. सावधानतेची पाटी दिसली की उडी मारायची. सराईत माणूस मारामारीत गुंतलेला असतो आणि पाटीकडे बघणारं पोर वाचतं.

‘सॅफ्रन सिटी’मध्ये एका दारातून पोकेमॉन बाहेर येतात. कुणी चटका देतं, तर चॅन्सी अंडी देते ज्यांतून टक्के उतरू शकतात. ‘ब्रिन्स्टार’मध्ये खालून आम्ल चढतं. ते भाजतं, पण वरही उडवतं, त्यामुळे खाली पडणारा कधी कधी त्याच्यामुळेच वाचतो. ‘वॉरिओवेअर’ माझं सर्वांत आवडतं : मारामारी चालू असताना अचानक चिमुकला खेळ समोर येतो, अमुक चुकव, तमुक कर. तो जिंकलात तर बक्षीस मिळतं. लढाई न जमणारी व्यक्तीही तिथे पुढे जाते.

‘टेंपल’ आणि ‘ग्रेट केव्ह ऑफेन्सिव्ह’ ही प्रचंड मैदानं चौघांसाठी टाळा. निम्मा वेळ एकमेकांना शोधण्यात जातो.

मैदानाच्या या करामती नियमांतल्या ‘हॅझर्ड्स’ पर्यायाने बंद करता येतात. मग ऑनेटच्या गाड्याही थांबतात. दोन सराईत समोरासमोर बसले की त्यांना तेच हवं असतं : तीन जीव, ७ मिनिटं, वस्तू शून्य. त्यांचा तो डाव जरूर होऊ द्या, पण चौघांचे डाव उरकल्यावर.

नवे गडी

खेळत राहिलात की सुमारे १० मिनिटांनी, डाव संपवून मुख्य मेनूकडे परतताना, नवा आव्हानवीर दार ठोठावतो. त्याला हरवलं तरच तो तुमच्या ताब्यात येतो. ही लढत एकट्याने द्यायची असते, म्हणून कंट्रोलर त्या क्षणी घरातल्या सर्वांत तरबेज माणसाच्या हातात द्या. तासभर बाकीच्यांच्या पोकेबॉलचा मार खाल्ल्यावर त्यालाही एवढा मान हवाच असतो. हरला तरी काही बिघडत नाही. ‘गेम्स अँड मोअर’मध्ये पुढे एक दार उघडतं, तिथून निसटलेल्याला पुन्हा गाठता येतं.