पाळी थांबल्यावर हाडांसाठी व्यायाम करताय? या चुका टाळा

डेक्सा स्कॅनचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आला तेव्हा मी डॉक्टरांशी जवळजवळ भांडलेच. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता सांगणारा आकडा) उणे १.९. म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नव्हे (तो उणे २.५ पासून खाली धरतात), पण हाडं विरळ व्हायला लागली आहेत हे नक्की. "अहो, पण मी रोज पाऊण तास चालते!" असं मी म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चाला की. हृदयाला चांगलंच आहे. तुमच्या मणक्यांना मात्र त्याचा पत्ताही लागत नाही."

मी चिडले खरी, पण त्यांचं बरोबर होतं. नंतर वाचत गेले, शिकत गेले, तेव्हा कळलं की चालणं ही माझ्या चुकांपैकी फक्त पहिली होती.

चुकांकडे वळण्याआधी हाडाला नेमकं काय कळतं ते बघू. हाड जिवंत असतं. जुना भाग पोखरला जातो, त्या जागी नवा भरला जातो, हे आयुष्यभर चालू असतं. पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी थांबते तसा तो सैल पडतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. व्यायामाने इस्ट्रोजेन परत येत नाही. पण हाडावर भार आला की ते केसभर वाकतं, त्याच्या आतल्या सूक्ष्म वाटांमधला द्रव सरकतो आणि तिथल्या पेशी ते टिपून घेतात. "इथे जोर येतोय, इथे भर घाला" असा निरोप जातो. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिस खेळाडूंच्या ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं, ते यामुळेच.

थोडक्यात, हाडाला घाम दिसत नाही, दमछाक कळत नाही. त्याला जोर कळतो. तोही रोजच्यापेक्षा वेगळा, झटक्याने आलेला आणि त्याच हाडावर आलेला.

फक्त चालण्यावर भिस्त

चालणं हाडाच्या सवयीचं झालेलं असतं. वयाच्या पहिल्या वर्षापासून आपण चालतोय, त्यात त्याला नवं काय वाटणार? नुसत्या चालण्यावर झालेल्या अभ्यासांतून खुब्याला थोडाफार फायदा दिसतो, मणक्यांना जवळपास नाही. मनगटाचा तर प्रश्नच येत नाही.

पोहणं आणि सायकल यांची गोष्ट आणखी मजेशीर आहे. पाणी शरीर उचलून धरतं, सायकलची सीट वजन पेलते. हाडांना सुट्टी! वर्षानुवर्षं रस्त्यावर सायकल मारणाऱ्या शर्यतपटूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते. गुडघे दुखत असतील तर जरूर पोहा, पण ते हाडांच्या खात्यात जमा करू नका.

एक किलोचे गुलाबी डंबेल

ही माझी लाडकी चूक. चार वर्षं एक-एक किलोचे डंबेल घेऊन मी तीस-तीस वेळा हात वर-खाली केले. गाणी लावून. आनंद भरपूर मिळाला, हाडांना काही मिळालं नाही. एक किलो म्हणजे पाण्याची बाटली, ती आपण दिवसभर उचलतोच.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या, सरासरी वय पासष्टच्या आसपास. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा-अर्धा तास प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), डोक्यावर बारबेल (टोकांना वजनं लावलेला दांडा) ढकलणं. प्रत्येकाचे पाच सेट, सेटमध्ये पाच वेळा. वजन, जास्तीत जास्त एकदा जेवढं उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक. सोबत उडी मारून दांडा पकडायचा आणि पाय आपटत खाली यायचं. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. कंबरेच्या मणक्यांची घनता पहिल्या गटात २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटात १.२ टक्के घटली. आणि दुखापती? जड वजनांच्या गटात एकीची कंबर किरकोळ आखडली, एवढंच.

हे वाचून उद्याच बारबेल उचलायला धावू नका. त्या बायकांचा पहिला महिना हलक्या वजनांवर, नुसती पद्धत शिकण्यात गेला होता, आणि शिकवणारी व्यक्ती सतत शेजारी होती. पण दिशा कळते. वजन योग्य आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण: आठ वेळा उचलायचं ठरवलं असेल तर शेवटच्या दोन वेळी चेहरा आक्रसला पाहिजे, पण पाठ वाकता कामा नये. आठवीनंतर आणखी सात सहज होत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. चेहरा तिसऱ्या वेळीच आक्रसत असेल तर घाई झाली.

वजन उचलताना कंबरेतून वाकणं

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून इथे जरा थांबते.

मणक्याचा पुढचा भाग विरळ झालेला असताना आपण पाठ गोल करून वाकलो की सगळा दाब नेमका त्याच भागावर येतो आणि मणका पाचरीसारखा चेपतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला १९८४ चा एक छोटा अभ्यास आजही यासाठी सांगितला जातो. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे चेप आढळले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये १६ टक्के. काहीच न करणाऱ्यांमध्ये ६७ टक्के. अभ्यास लहान आहे, आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावू नयेत. पण चुकीचा व्यायाम हा व्यायाम न करण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो, एवढं त्यातून कळतं.

म्हणजे पोटासाठी पाठ उचलून मारायचे क्रंचेस बंद. योगासनं करणाऱ्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जोर लावून पाठ पिळायची आसनं यांच्याबाबतीत सावध राहावं, विशेषतः स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल किंवा आधी मणका चेपला असेल तर. पालथं झोपून छाती किंचित उचलणं, ताडासन, वीरभद्रासन यांच्याशी वैर नाही.

मग वाकायचं कसं? खुब्यातून. हे सांगून कळत नाही, काठीने कळतं. एक लांब काठी पाठीला उभी धरा. तिने तीन ठिकाणी टेकलं पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाड. आता गुडघे थोडे सैल सोडून, पाठीमागचं दार ढुंगणाने लोटायचंय असं समजून मागे सरका. छाती आपोआप पुढे येईल. काठी एकाही ठिकाणी सुटली तर पाठ गोल झाली. मला पहिले दहा दिवस माकडहाडापाशी काठी सुटायची आणि मी आरशासमोर स्वतःवरच वैतागायचे. ज्या दिवशी ती तीनही ठिकाणी टेकून राहिली, त्यानंतरच हातात वजन घेतलं. जमिनीवरची जड पिशवीही आता मी तशीच उचलते.

उड्या: एक तर नाहीच, नाहीतर शंभर

उड्यांचा झटका हाडाला आवडतो, पण ते लवकर कंटाळतं. उंदरांवरच्या १९९७ च्या एका जपानी प्रयोगात दिवसाला पाच उड्यांनीही हाड मजबूत झालं होतं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, तरी मुद्दा तोच: थोड्याच वेळानंतर हाडाच्या पेशी निरोप घेणं थांबवतात. दहा-दहाचे दोन-चार छोटे संच, मध्ये मिनिटभर विश्रांती, आठवड्यातले बरेचसे दिवस, हे सलग शंभर उड्यांपेक्षा बरं.

सुरुवात टाचांपासून करा. भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा 'धप्' अशा जमिनीवर टाकायच्या. मग जागच्या जागी पाय आपटणं, मग पायरीवरून उतरणं, मग छोटी उडी. मणका आधीच चेपलेला असेल किंवा ऑस्टिओपोरोसिस बळावलेला असेल तर उड्या डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नकोत.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी जणी उड्या गुपचूप सोडून देतात: उडी मारताना लघवीचे थेंब गळणं. लाजायचं कारण नाही, उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या आणि ते जमेपर्यंत टाचांवरच राहा. बाकीचा व्यायाम त्यासाठी थांबवू नका.

तोल गृहीत धरणं

खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात. पडलंच नाही तर कमी घनतेचं हाडही टिकू शकतं. तरी तोलाचा सराव सगळ्यात शेवटी आठवतो. जड खुर्चीजवळ एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं ठेवत सरळ रेषेत चालणं, ताय ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), जे आवडेल ते. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर मात्र करू नका. तोल डळमळीत असताना भरभर चालणं सुरू केलं तर पडण्याचा धोका उलट वाढू शकतो, म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पाय आणि तोल पक्के, मग वेग.

अडलं कुठे?

वजन उचलताना डोकं गरगरतं: श्वास रोखला जातोय. उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. रक्तदाब असेल तर हे टाळू नकाच.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात: चालायचंच, दोन-तीन दिवसांत जातं. पण पाठीच्या मध्यात अचानक, एका जागी कळ आली आणि उभं राहिल्यावर वाढली, किंवा उंची कमी झाल्याचं जाणवलं, तर व्यायाम थांबवून एक्स-रे काढा. "स्नायू आखडला असेल" म्हणत तेल चोळत बसू नका.

सोबत कडक डाएट चालू आहे: वजन भराभर उतरलं की हाडही उतरतं. दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पुरेशी प्रथिनं पोटात जात नसतील तर व्यायामाने सांगितलेली भर घालायला माल कुठून येणार?

व्यायाम सुरू केला म्हणून गोळी बंद: नको. फ्रॅक्चरचा धोका जास्त असलेल्यांना औषध कशासाठी दिलंय ते डॉक्टरांनाच विचारा. व्यायाम त्याच्या जोडीला आहे, जागी नाही.

तीन महिन्यांनी स्कॅन करून निराशा: हाडाची एक पोखरण-भरण पुरी व्हायलाच चार ते सहा महिने लागतात, आणि मशीनच्या मोजण्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज येतो. वर्ष ते दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करा. तोवर मोजायचंच असेल तर उचलता येणारं वजन वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या पानावर "४ किलो, काठी सुटली" असं लिहिलेलं आहे.

मध्येच महिनाभर खंड पडला: होतं. पुन्हा सुरू करताना सोडलं त्या वजनावर उडी मारू नका. निम्म्यावर या, दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर या. पण सोडून मात्र देऊ नका, कारण भार थांबला की हाड मिळवलेलं परत द्यायला लागतं.