कारखान्याच्या गाडीचा विमा उतरवताना

सकाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग (ओतीव भाग) भरलेल्या पिकअप बाहेर पडतात. कुणी कोल्हापूरजवळ शिरोलीला, कुणी चोर्ला घाटाने गोव्याला. त्यातल्या कितीतरी गाड्यांचा विमा 'गेल्या वर्षीसारखाच करून टाका' असं फोनवर सांगून उतरवलेला असतो. मीही तेच करायचो.

पहिल्यांदा आरसी काढा आणि माल भरून गाडीचं एकूण वजन किती धरलंय ते बघा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता त्यावरच ठरतो: ७,५००, १२,०००, २०,००० आणि ४०,००० किलो अशा पायऱ्या आहेत.

मग गाडीचा वापर. फक्त स्वतःचा माल नेणार असाल तर गाडी 'प्रायव्हेट कॅरियर' होते आणि थर्ड पार्टीचा हप्ता कमी बसतो. मोह इथेच होतो. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला माल उतरवला की रिकामं कशाला यायचं म्हणून ड्रायव्हर कुणाच्या तरी चार पेट्या भाडं घेऊन आणतो. त्या फेरीत अपघात झाला तर क्लेमचं काही खरं नाही. भाडं मारायचंच असेल तर सरळ 'पब्लिक कॅरियर' करून घ्या.

आता माझा अनुभव. वंटमुरी घाटात आमची पिकअप पुढच्या ट्रकवर आदळली. बंपर, दोन्ही हेडलाइट, मडगार्ड गेले, रेडिएटरही फुटला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने रेडिएटर मंजूर केला आणि खर्चाच्या यादीतल्या बाकीच्या ओळींवर काट मारली. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग धरत नाहीत. गाडी पूर्ण बाद झाली तरच गोष्ट वेगळी. हे भाग धरायचे तर 'आयएमटी २३' हे जादा कलम वेगळं घ्यावं लागतं. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, हप्ता साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, पण घाटात चालणाऱ्या गाडीला ते हवंच. एजंटने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

ड्रायव्हर-क्लीनरसाठी 'आयएमटी २८' हे कलम घ्या, माणशी ५० रुपये पडतात. हमाल रोज गाडीवर जात असतील तर त्यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्या. मात्र मालावर कुणालाही बसू देऊ नका.

गाडीतला माल या पॉलिसीत येतच नाही. रस्त्यावर सांडलेल्या कास्टिंगचे पैसे हवे असतील तर ट्रान्झिट इन्शुरन्स, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, वेगळा काढावा लागतो. रोज माल जात असेल तर वर्षभराची ओपन पॉलिसी सोयीची.

ड्रायव्हरचं लायसन्स दरवर्षी स्वतः बघा. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याहून मोठ्या गाडीला चालत नाही. फिटनेस आणि परमिटच्या तारखाही पॉलिसीसोबत एकाच फाइलला लावा.

विमा संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो, म्हणजे नुकसान लहान नाही.

पॉलिसी देशभर चालते, त्यामुळे राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून वेगळं काही लागत नाही. अपघात झाला की गाडी हलवण्याआधी फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून पंचनामा घ्या. कागलपासून पुढे महाराष्ट्रात तो मराठीत मिळेल, त्याच्या अलीकडे कर्नाटकात कन्नडमध्ये. कन्नड वाचता येत नसेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या, विशेषतः गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव.