टेबल सॉवर बॉक्स जॉइंटची जिग कशी बसवावी

सागवानी खणाचे कोपरे घट्ट आणि देखणे हवे असतील, तर बॉक्स जॉइंटसारखा, म्हणजे दोन फळ्यांची चौकोनी बोटे एकमेकांत गुंतवणारा, जोड नाही. मात्र त्याची सारी मदार जिगमधल्या, म्हणजे फळी दर कापाला सारख्या अंतरावर धरणाऱ्या साच्यातल्या, एका लहानशा खुंटीवर असते. टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल करवतीच्या, माइटर गेजला (टेबलावरच्या खाचेतून सरकणाऱ्या आधाराला) सरळ फळी जोडून तिच्यात पात्याने एक खाच पाडावी आणि त्या खाचेत नेमकी बसेल अशी कठीण लाकडाची खुंटी तासावी. खाच ६ मिमी असेल, तर खुंटी ६ मिमी आणि जिगची फळी बाजूला सरकवल्यावर खुंटी व पाते यांतले अंतरही ६ मिमीच हवे. पाते खणाच्या फळीच्या जाडीपेक्षा केसभर वर ठेवावे. उरलेली टोके नंतर पॉलिशपेपरने सपाट होतात.

पहिला प्रयोग नेहमी टाकाऊ तुकड्यावरच करावा. जोड हातोडीशिवाय बसत नसेल, तर खुंटी पात्याच्या दिशेने किंचित सरकवावी. ढिला असेल, तर दूर न्यावी. कागदाच्या एका घडीएवढा फरकही येथे जाणवतो. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून चाचणीचा तुकडा त्याच फळीतला घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

पातळ फळ्यांसाठी राउटर टेबलवर, म्हणजे टेबलाखालून फिरत्या टोकाने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, ६ मिमीची सरळ बिट (कापणारे टोक) वापरणे मला अधिक सोयीचे वाटते. दोन्ही यंत्रांवर कापायच्या फळीच्या मागे आधाराची फळी हवीच, नाहीतर कापाच्या शेवटी लाकडाचे तंतू उचकटतात. टेबल सॉवर या कामात पात्यावरचे झाकण काढावे लागते, त्यामुळे पाते जिगच्या मागे जिथून बाहेर पडते तिथे जाड लाकडी ठोकळा चिकटवावा आणि बोटे त्या रेषेत कधीही आणू नयेत.