खारेपाटातील हिवाळी बदके: पाहण्याची वेळ आणि रीत

अलिबाग-पेण परिसरातल्या खारेपाटात भातकापणी आटोपली की बांधांमागची खारजमीन गुरांना चरायला मोकळी होते, आणि त्याच सुमारास उत्तरेकडून आलेली बदके तिथल्या उथळ पाण्यात उतरू लागतात. ती पाहायची असतील तर आधी पंचांग उघडावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ओहोटीच्या वेळी पक्षी खाडीच्या चिखलावर दूरदूर पांगलेले असतात. पाणी चढून चिखल बुडाला की थवे बांधाच्या आत येतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत पाणी तितके चढत नाही. त्यामुळे मी त्रयोदशी-चतुर्दशी निवडतो, कारण तेव्हा उधाण जवळ आलेले असते, भरती दहाच्या आसपास पूर्ण होते आणि उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतले चित्र अजून हलू लागलेले नसते.

भरतीच्या दीड तास आधी, शेतमालकाला विचारून, सूर्य पाठीशी ठेवून बांधाच्या पायथ्याशी बसावे. बांधाच्या माथ्यावरून चालणारा माणूस पक्ष्यांना फार लांबून दिसतो. चरणाऱ्या म्हशींना मात्र बदके बुजत नाहीत, म्हणून म्हशींच्या आसपासचे पाणी आधी न्याहाळावे. बदकांनी खाणे थांबवून माना ताठ केल्या, की आपण जागच्या जागी थांबावे.

ओळखण्यासाठी ८×४२ची दुर्बीण पुरते. फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल फिरणारा तो थापट्या. लांब मान आणि टोकदार शेपटीचे ते तलवार बदक. सर्वांत लहान तो चक्रांग. भुवई बदकाच्या बाबतीत नवख्यांची हमखास फसगत होते, कारण नोव्हेंबरात त्याचा नरही मादीसारखाच तपकिरी असतो आणि ठळक पांढरी भुवई बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच नीट दिसते. तोवर पंखांकडे पाहावे: उडताना नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी दिसतो.

हे पंख पाहण्यासाठी थवा मुद्दाम उठवू नये. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी शेतावरून गेला की थवा आपोआप उठतो. तेवढ्या वेळात दहा पक्षी मोजून, त्या आकाराचे किती पुंजके थव्यात बसतात याचा अंदाज घ्यावा आणि आकडा तिथेच वहीत लिहावा. १९८७पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत असेच हाताने टिपलेले आकडे कामी येतात.