चीनची सहल आनयांगपासून सुरू करा

चीनमधला प्राचीन इतिहास पाहायला गट निघाला की पहिली मागणी येते ती शिआनजवळच्या, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांची. मी ते मध्यावर ठेवते. हजारो सैनिक बघून आलेला माणूस नंतर आनयांगला कासवाच्या कवचावर कोरलेल्या प्राचीन अक्षरांच्या बारीक ओरखड्यांपुढे दोन मिनिटंही थांबत नाही. म्हणून आधी आनयांग, मग लोयांग आणि शिआन, शेवटी सानशिंगदुई. सगळा मार्ग वेगवान रेल्वेने होतो.

निघण्यापूर्वीचं कंटाळवाणं काम एकाच माणसाकडे द्या: सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहेत तसेच एका तक्त्यात. संग्रहालयाचं आरक्षण असो की रेल्वेचं तिकीट, सगळं त्यावरच चालतं. मूळ पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याजवळच हवा. फोनवर अलीपे किंवा वीचॅट, म्हणजे तिथे पैसे द्यायची ॲप, घरूनच सुरू करून घ्या. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा तर टाळाच.

आनयांगला पूर्ण दिवस द्या, घाई करणाऱ्यांचं ऐकू नका. ही शांग राजवटीची शेवटची राजधानी, सुमारे ३३०० वर्षांपूर्वीची. इथल्या हाडांवर आणि कवचांवर राजाने पूर्वजांना विचारलेले प्रश्न कोरलेले आहेत: पाऊस पडेल का, दात का दुखतो, राणीचं बाळंतपण नीट होईल का. ही राणी म्हणजे फू हाओ. ती सैन्यही चालवायची. १९७६ साली तिची कबर सापडली, आणि चोरांचा हात न लागलेली. गटाला आदल्या रात्री एवढी गोष्ट सांगून ठेवा. मग तिथली कांस्यभांडी नुसती भांडी राहत नाहीत. २०२४ मध्ये उघडलेलं नवं संग्रहालय मोठं आहे. आधी ते बघा, मग उत्खननाची जागा.

लोयांगजवळच्या अरलीतोऊला, म्हणजे शांगच्याही आधीच्या नगराच्या जागी, आपल्या मंडळींना फारसं काही 'दिसत' नाही, कारण तिथे उरलेत ते मुख्यतः पाये. उत्साही लोकांनाच न्या; बाकीच्यांना लुंगमनच्या लेण्यांत रमू द्या.

शिआनमध्ये सोमवार आला तर तो सैनिकांसाठी वापरा, कारण शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असतं. सैनिकांचे खड्डे तीन, दोन, एक अशा उलट क्रमाने बघा. तिसरा लहान, सेनापतींच्या ठाण्यासारखा. पहिला जवळपास २३० मीटर लांब. मोठ्यापासून सुरुवात केली की उरलेले दोन फिके वाटतात. १९८० साली सापडलेले कांस्यरथ आता वेगळ्या इमारतीत आहेत. ते खऱ्या रथाच्या निम्म्या आकाराचे आहेत. थकलेला गट ते हमखास गाळतो. गाळू देऊ नका.

बारा-चौदा माणसं असतील तर दालनात दोन तुकड्या करा, आणि भेटायची जागा व वेळ ठरवून द्या. सगळ्यांनी एका काचेपुढे गर्दी केली की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

छंगदूला उतरून ग्वांगहानजवळच्या सानशिंगदुईला जा. १९८६ मध्ये इथले दोन बळिकुंड उघडले: डोळे बाहेर आलेले मुखवटे, जवळपास चार मीटर उंच कांस्यवृक्ष. आनयांगच्याच काळाच्या आसपासचं हे जग, पण इथे लिहिलेलं काही सापडलेलं नाही. आनयांगला हाडं नीट वाचून आलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो आणि प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. त्यामुळे त्याच संध्याकाळचं परतीचं विमान घेऊ नका.