मानवी हक्क शिक्षण शाळांत कितपत रुजले, हे तपासताना या चुका टाळा

देशाच्या शालेय शिक्षणात मानवी हक्क शिक्षण कितपत रुजले आहे, याचे मूल्यमापन करणाऱ्या अहवालांचे मसुदे गेली अनेक वर्षे माझ्याकडे वाचनासाठी येतात. त्याआधी अशा पाहण्यांच्या निमित्ताने मी स्वतः कितीतरी वर्गांत मागच्या बाकावर बसले आहे. मसुदा कोणीही लिहिलेला असो, त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात, आणि त्या अज्ञानापेक्षा घाईपोटी झालेल्या असतात. ज्याला लवकर एक आकडा हवा असतो तो मोजायला सोपे असेल तेवढेच मोजतो, आणि जे मोजता आले नाही ते नसल्यात जमा करतो.

पाठ्यपुस्तकांतले शब्द मोजणे

नवखे मूल्यमापक बहुतेक इथूनच सुरुवात करतात. सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तके गोळा करायची, त्यांत ‘हक्क’, ‘समता’, ‘प्रतिष्ठा’, ‘भेदभाव’ हे शब्द किती वेळा आले ते मोजायचे आणि त्याचा तक्ता अहवालात लावायचा. तक्ता नेटका दिसतो, त्यामुळे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

मी ज्या एका पाहणीत होते, तिथे आमच्या गटाने नेमके हेच केले होते. नागरिकशास्त्राच्या एका पुस्तकात हक्कांवर स्वतंत्र पाठ होता आणि आमच्या तक्त्यात त्या पाठाचा क्रमांक सर्वांत वरचा होता. शैक्षणिक वर्ष संपता संपता एका शाळेत मुख्याध्यापकांची वाट पाहत बसले असताना मुलांनी परत केलेल्या पाठ्यपुस्तकांचा ढीग शेजारी दिसला, म्हणून वरचे एक पुस्तक सहज उघडले. सुरुवातीच्या पाठांत शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहिलेले होते, समासात उत्तरांचे क्रमांक होते, पानांचे कोपरे दुमडून मऊ पडले होते. हक्कांचा पाठ शेवटचा होता आणि त्याची पाने कोरी करकरीत होती. त्यांतली दोन तर छापखान्यात कापताना कडेला जोडलेली राहिली होती ती तशीच होती, म्हणजे वर्षभरात ती कोणी उघडलीच नव्हती. मग मी चाळीसएक पुस्तके पाहिली. त्या पाठावर पेन्सिल टेकलेली पुस्तके एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच निघाली. विषयाच्या शिक्षिकेला विचारले तेव्हा त्यांनी काहीही न लपवता सांगितले की त्या घटकाला परीक्षेत गुण नाहीत, आणि तो पाठ येईपर्यंत उजळणी सुरू झालेली असते. त्यांची चूक नव्हती. चूक आमची होती, कारण छापलेले ते शिकवलेले असे आम्ही गृहीत धरले होते. अहवालातले ते प्रकरण आम्हाला पूर्णपणे काढून टाकावे लागले.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गुणभार पाहते, मग तासिकांचे वेळापत्रक, मग मुलांच्या वापरलेल्या वह्या, आणि सर्वांत शेवटी पाठ्यपुस्तक. प्रश्नपत्रिका पाहताना प्रश्न आहे की नाही यापेक्षा तो काय मागतो हे पाहावे. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा कोणत्या वर्षी स्वीकारला गेला, या प्रश्नाला १९४८ हे उत्तर पाठ करून गुण मिळतात. पण शाळेच्या एखाद्या नियमामुळे कोणी वगळले जाते का आणि तो नियम कसा बदलता येईल, असा प्रश्न ज्या वर्गात विचारला जातो तिथे काही वेगळे घडत असते. त्याच जाहीरनाम्याच्या २६व्या कलमात शिक्षणाने मानवी हक्कांविषयीचा आदर दृढ करावा असे म्हटले आहे, आणि नुसती सनावळी पाठ झाल्याने तो आदर दृढ होत नाही.

शब्दमोजणीचा आणखी एक तोटा असा की जिथे हे शिक्षण खरोखर इतर विषयांत मिसळले आहे, तिथे ते तिला दिसतच नाही. भाषेच्या पुस्तकातल्या एखाद्या कथेत एका मुलाला खेळात घेतले जात नाही आणि वर्ग त्यावर अर्धा तास बोलतो; त्या पाठात ‘हक्क’ हा शब्द एकदाही नसतो. उलट ‘हक्क’ हा शब्द दहादा येणारा पाठ कर्तव्यांच्या उपदेशाने भरलेला असू शकतो. संगणकाचा शोध वापरायला माझी हरकत नाही, पण तो वाचनाची जागा घेऊ शकत नाही, आणि एवढे वाचायला वेळ नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हे काम अंगावर घेऊ नये.

शाळेचे वातावरण वगळणे

ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही गंभीर वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ हे लक्ष्य मानवी हक्कांसह शाश्वत विकासाच्या शिक्षणाविषयी आहे; त्याखाली ४.७.१ हा निर्देशक, म्हणजे प्रगती मोजण्याचे माप, आहे आणि तो चार ठिकाणी पाहतो: धोरणे, अभ्यासक्रम, शिक्षकांचे शिक्षण आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन. त्याची माहिती सरकारे स्वतःच भरून देतात. जागतिक तुलनेसाठी त्याचा उपयोग आहे, परंतु पुष्कळ मूल्यमापक हीच चौकट जशीच्या तशी उचलतात आणि मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या जागेत काढते ती जागाच पाहायची राहून जाते. वास्तविक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क शिक्षणाच्या जागतिक कार्यक्रमाचा पहिला टप्पा, म्हणजे २००५ ते २००९, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठीच होता, आणि त्याच्या कृती आराखड्यात धोरण, धोरणाची अंमलबजावणी, अध्यापन व अध्ययन आणि शिक्षकांची तयारी यांच्या बरोबरीने अध्ययनाचे वातावरण हा स्वतंत्र घटक होता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०११ मध्ये स्वीकारलेला मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणाचा जाहीरनामा तर स्पष्टच सांगतो की हे शिक्षण हक्कांविषयी असते, हक्कांच्या मार्गाने असते आणि हक्कांसाठी असते. यातला मधला भाग, म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा या दोघांच्याही हक्कांचा मान राखणारी शिकवण्याची रीत, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मसुद्यांतून गायब असतो.

एका शाळेत आम्ही मुलांशी गटचर्चा केली. खोलीच्या दाराशी एक शिक्षक वह्या तपासत बसले होते आणि आम्ही त्यांना तिथून उठायला सांगितले नाही, कारण ते फारच सौजन्याने वागत होते. मुलांनी सगळी उत्तरे जवळजवळ एकाच वाक्यात दिली: आम्हाला सर्व हक्क आहेत, आमचे ऐकले जाते, येथे कोणताही भेदभाव नाही. मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर त्याच गटातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, तुम्हाला पुस्तकातलं उत्तर हवं होतं की खरं?” मग तिने सांगितले की स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली वर्गातल्या टेबलावर असते आणि मुलींना ती सर्वांदेखत मागावी लागते, म्हणून तिच्या दोन मैत्रिणी शाळेत पाणीच पीत नाहीत. आमच्या प्रश्नावलीत स्वच्छतागृह आहे का, एवढाच प्रश्न होता आणि त्यापुढे आम्ही ‘होय’ लिहिले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००१ साली आपल्या पहिल्या सर्वसाधारण टिप्पणीत म्हटले आहे की शाळेच्या फाटकातून आत गेले म्हणून मूल आपले मानवी हक्क गमावत नाही. हे वाक्य मी प्रत्येक पाहणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवते. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी, असे १९८९ची बालहक्क संहिता तिच्या २८व्या कलमात सांगते. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क १२व्या कलमात आहे. तेव्हा शिक्षा कशा होतात, नियम कोण करते, तक्रारपेटी शेवटची कधी उघडली आणि आत सापडलेल्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न मूल्यमापनाच्या गाभ्यातले आहेत.

माझी रीत अशी आहे. मुलांशी बोलताना शाळेतला कोणीही मोठा माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर नसावा. हे आधीच लेखी ठरवून घ्यावे, म्हणजे ऐनवेळी संकोच होत नाही. मोठ्या मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात. लहान मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगून, कुठे बरे वाटते आणि कुठे भीती वाटते त्या जागांवर खुणा करायला सांगाव्यात. गटात कोणाच्याही वैयक्तिक अनुभवाची चौकशी करू नये. आणि एखाद्या मुलाने गंभीर छळाची गोष्ट सांगितली तर ती कोणाकडे न्यायची, त्या मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार, हे ठरल्याशिवाय शाळेत पाऊल टाकू नये. याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. मुदत जवळ आली आहे हे कारण मी अनेकदा ऐकले आहे आणि एकदाही मानलेले नाही.

शिक्षकांनाही वेगळे भेटावे. ज्यांना स्वतःच्या शाळेत मत मांडता येत नाही त्यांच्याकडून वर्गात मोकळ्या चर्चेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि हे अहवालात यायला हवे.

बाकीच्या चुका थोडक्यात

प्रशिक्षणाची हजेरीपत्रके मोजून शिक्षक तयार झाले असे लिहू नये. सेवांतर्गत कार्यशाळेपेक्षा सेवापूर्व अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा आहे का आणि त्याची परीक्षा होते का, हे आधी पाहावे.

धोरणात उल्लेख आहे एवढ्यावर थांबू नये. त्यासाठी निधी, जबाबदार अधिकारी आणि मुदत आहे का ते विचारावे.

आधीची स्थिती नोंदवलेली नसेल तर ‘प्रगती झाली’ हे शब्द वापरू नयेत.

रस्त्याच्या कडेच्या, पोहोचायला सोप्या शाळांचा नमुना घेऊन देशाविषयी बोलू नये. अपंग मुले, घरी वेगळी भाषा बोलणारी मुले आणि शाळा सोडलेली मुले नमुन्यात नसतील, तर ज्यांच्या हक्कांचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तेच वगळले जातात.

‘सर्व माणसे समान आहेत असे तुम्हाला वाटते का?’ या धर्तीचे प्रश्न विचारू नयेत, कारण उत्तर प्रश्नातच दिलेले असते. त्याऐवजी एखादा प्रसंग सांगावा आणि मूल काय करील ते विचारावे.

आंतरराष्ट्रीय नागरिकशास्त्र अभ्यासाच्या २००९, २०१६ आणि २०२२ या फेऱ्यांचे आकडे उचलून हेच आमचे मानवी हक्क शिक्षणाचे मूल्यमापन, असे म्हणणारेही भेटतात. तो अभ्यास मुख्यतः आठवीच्या विद्यार्थ्यांचे नागरी ज्ञान व दृष्टिकोन पाहतो. वर्गात मोकळी चर्चा होते का, याविषयीचे त्यातले प्रश्न उपयोगी आहेत आणि मी ते जरूर वाचते. पण त्यावरून प्राथमिक वर्गांत काय चालते हे कळत नाही.

सर्व घटकांची सरासरी काढून एकच गुणांक देण्याचा मोह फार जणांना होतो. धोरणाला शंभरपैकी नव्वद आणि वर्गातल्या वागणुकीला दहा गुण असतील तर सरासरी पन्नास येते, आणि त्या पन्नासातून धोरणही कळत नाही, वर्गही कळत नाही. मी घटकवार निष्कर्ष शेजारीशेजारी मांडते आणि त्यांच्यातली तफावत हाच मुख्य निष्कर्ष मानते. वरिष्ठांना एक आकडा हवाच असेल, तर जो घटक सर्वांत मागे आहे त्याचा आकडा द्यावा.

निष्कर्ष शाळांना परत न दाखवणे हीही चूकच आहे. मी वेळापत्रकातच यासाठी सहा आठवडे राखून ठेवते आणि मुलांना वाचता येईल अशा भाषेत दोन पाने लिहून ती त्याच गटांपुढे वाचते. किल्लीची गोष्ट सांगणाऱ्या मुलीच्या शाळेतही ती वाचली होती. कोणी बोलले ते ओळखू येणार नाही, अशा बेताने ती लिहिली होती. तेव्हा मुलांनी आमची दोन वाक्ये चुकीची असल्याचे दाखवून दिले, आणि अंतिम अहवालात ती दुरुस्त केली.