जुन्या जीपचं बिघडवलेलं स्टेअरिंग: दुरुस्त करताना या चुका टाळा

इंदूर-महू पट्ट्यात जुन्या जिपांना तोटा नाही. लष्करी लिलावातून सुटलेल्या जिप्सी, खेड्यातल्या वाड्यांत उभ्या असलेल्या महिंद्राच्या सीजे थ्री-बी, एमएम ५४०. इंजिन बहुधा ठीक असतं, रंग नवा असतो आणि स्टेअरिंगवर तीन मालकांनी तीन प्रयोग केलेले असतात. पहिल्याने गाडी उचलली, दुसऱ्याने रुंद टायर घातले, स्टेअरिंग जड झालं म्हणून तिसऱ्याने दुसऱ्याच गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स (स्टेअरिंगचा गिअरडबा) ठोकला. चौथे तुम्ही. तुमच्या हातात साठच्या वर गेलं की चाकं नाचतात आणि ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते.

अशा वेळी दुकानात पहिला सल्ला मिळतो तो स्टेअरिंग डॅम्पर बदलण्याचा. तो ऐकू नका. डॅम्पर झटके शोषतो, झिजलेला सांधा घट्ट करत नाही. नव्या डॅम्परने थरथर काही दिवस दबते आणि आत सांधा झिजतच राहतो. उलट, जुना डॅम्पर काढून ठेवा, म्हणजे रोग उघडा पडेल.

मग गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करा. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे सतत हलवायचं (पॉवर असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू), दुसऱ्याने खाली बघत एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. एक भाग हलतो आणि पुढचा हलत नाही, तिथे प्ले (ढिलेपणा) आहे. बॉक्स चेसिसवरच हलतो का, तेही बघा; हे फार जण बघत नाहीत. बॉक्सचे बोल्ट चेसिसच्या पोकळ भागातून नुसतेच आरपार घातले असतील, तर आवळताना पत्रा दबतो आणि काही महिन्यांत भोकाभोवती तडा जातो. तिथे आत पाइपचा तुकडा घालून त्यातून बोल्ट न्यायचा, आणि तडा असेल तर आधी त्याची दुरुस्ती.

सीजे थ्री-बीमध्ये ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) सरळ चाकाकडे जात नाही. ती मधल्या बेलक्रँकला (पिनवर फिरणाऱ्या आर्मला) येते आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे निघतात. बेलक्रँकची पिन आणि बुश झिजले असताना लोक टाय रॉड एंड बदलत बसतात. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिली, राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती उभी खीळ).

एवढं झाल्याशिवाय बॉक्सच्या स्क्रूला हात लावू नका. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवणं हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका इलाज आहे आणि सगळ्यात घातकही. बॉक्स बरोबर मध्यावर मुद्दाम जरा घट्ट बनवलेला असतो, बाजूंना सैल. म्हणून स्क्रू फक्त मध्यावर, ड्रॅग लिंक सोडवून लावायचा. स्टेअरिंग एका बाजूला वळवून ठेवून आवळला तर मध्यावर आल्यावर बॉक्स जाम होतो, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि आतला वर्म (मळसूत्री दांडा) खाल्ला जातो. त्याच्याच जोडीची दुसरी चूक: स्टेअरिंग वाकडं दिसतं म्हणून स्टेअरिंगचं चाक काढून स्प्लाइनवर (दांड्याच्या दात्यांवर) फिरवून बसवणं. स्टेअरिंग सरळ दिसतं, पण बॉक्स मध्यावर नसतो. मग एकीकडे जास्त वळते, दुसरीकडे कमी, आणि सरळ रस्त्यावर बॉक्स नेमका सैल भागात चालतो. खरी पद्धत अशी: ड्रॅग लिंक सोडा, या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्म्यावर आणा, चाकं सरळ करा आणि ड्रॅग लिंकची लांबी त्याप्रमाणे जुळवा.

आता उंचीचा विषय. लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) लावून पुढून उचललेल्या जीपमध्ये कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) हमखास कमी होतो. या गाड्यांत पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांबले की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल पुढे कलतो. जुन्या विलीज घराण्याला कॅस्टर साधारण ३ अंश हवा असतो. तो घटला की गाडी रस्त्यावर भरकटते. उपाय म्हणजे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उताराची पट्टी, आणि इथेच ती उलटी बसते. पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतील (कंपनीतून तसेच येतात) तर जाड बाजू पुढे. कुणी पाटे अ‍ॅक्सलवर चढवले असतील तर जाड बाजू मागे. सोबत हेही समजून घ्या की कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, म्हणून दोन-तीन अंशांच्या पुढे हा हट्ट धरू नये. गाडी खूपच उंच असेल तर लांब शॅकल काढून टाकणं हाच माझ्या मते शहाणा उपाय.

उचललेल्या गाडीत ड्रॅग लिंक तिरकी झाली की खड्ड्यात स्टेअरिंग स्वतःच फिरतं. यावर ड्रॅग लिंक गॅसवर तापवून वाकवतात. पिटमन आर्मही (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा आर्म) तापवतात. हे भाग उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात. तापवल्यावर त्यांची ताकद गेली. मधोमध वेल्डिंग केलेला टाय रॉड दिसला तर तो भंगारात. जोड लावलेला टाय रॉड तुटायला घाटच लागतो असं नाही, विजयनगर चौकाच्या सिग्नललाही तुटू शकतो.

दुसऱ्या गाडीचा रॉड एंड वापरताना त्याच्या खुंटीचा टेपर (निमुळतेपणा) भोकाशी जुळतो का ते तपासा. खुंटीवर मार्करची शाई लावा, भोकात दाबून काढा. शाई सगळीकडून पुसली गेली पाहिजे. फक्त एका कडेला पुसली, तर नट कितीही आवळा, ती खुंटी हळूहळू भोक खाणार. आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी.

पॉवर बॉक्स ठेवायचा असेल तर स्टेअरिंग कॉलमच्या दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे मधल्या शाफ्टवरचे काटे एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा हलकं, दोनदा जड लागतं. मधल्या शाफ्टला सरकता सांधा हवा, कारण बॉडी रबरवर हलते आणि चेसिस वेगळा. तेलाची होज सायलेन्सरपासून लांब.

कागदांचंही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ घडणीकडे परतणं त्यामुळेही सोयीचं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेलं टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) दुकानाच्या दारातच बदलतं. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू. एबी रोडसारख्या (आग्रा-मुंबई) महामार्गावर नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर पाटे बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. आणि पावसाळ्यात चोरलकडच्या शेतवाटांवरून आल्यावर चाक नाचू लागलं, तर पाना उचलण्याआधी रिमच्या आतली काळी माती खरवडून काढा. माळव्याची ती माती वाळली की चाकाचं बॅलन्स बिघडवायला तेवढीच पुरते.